अनेकवचन तीनपासून

सूर, ओमान
१२ जानेवारी २०२५

ती. अंबिकाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या अटीप्रमाणे पत्र लिहितेय. जाणार ईमेलनेच, पण गाव, तारीख, नमस्कार सगळं जागच्या जागी आहे, तपासून घे. फोनवर तुला माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही आणि राहिलेलं निम्मं तू मनाने भरतेस. मागच्या खेपेला मी 'गाडी शिकतेय' म्हटलं आणि तू बाबांना सांगितलंस की मिनल साडी विकतेय. बाबा दोन दिवस काळजीत होते.

फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये आता रुळलेय. गाव समुद्रकाठचं, त्यामुळे माझ्याकडे येणारे निम्मे लोक म्हातारे मच्छिमार. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे खांदे गेलेले. मालक इंग्रजी बोलतात, पण पेशंटला फक्त अरबी. म्हणून संध्याकाळी हनान नावाच्या एका सुदानी बाईंकडे शिकायला जातेय. त्या इथल्या शाळेत शिकवतात. तुझ्यासारख्याच आहेत, म्हणजे चूक झाली की आधी हसतात आणि मग दहा वेळा म्हणून घेतात.

परवाची फजिती सांगते. एका आजोबांना मला सांगायचं होतं की गुडघे वाकवा. मी आदल्या दिवशी गुडघ्याचं अनेकवचन पाठ केलं होतं, 'रुकब'. ते ऐटीत म्हटलं. आजोबांनी आधी आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं की पोरी, मी तुला उंट दिसतो का? बाहेर बसलेले सगळे हसायला लागले. मग हनानबाईंनी समजावलं. अरबीत एकाला एक रूप, दोनांना वेगळं रूप, आणि अनेकवचन सुरू होतं ते तीनपासून. माणसाचे गुडघे दोन, म्हणून 'रुकबतैन'. मी 'रुकब' म्हटलं, म्हणजे त्यांना निदान तीन गुडघे लावून दिले.

दोनाची शेपटी तरी सोपी आहे. खरी गंमत तीनच्या पुढे. काही शब्द सरळ शेपटी घेतात, पण बरेचसे आतूनच मोडतात. बैत म्हणजे घर आणि बुयूत म्हणजे घरं. किताबचं कुतुब, कल्ब म्हणजे काळीज, त्याचं कुलूब. बाहेर खोली वाढवायची सोडून घर पाडून पुन्हा बांधल्यासारखं. ह्याला ते 'मोडकं अनेकवचन' असंच म्हणतात. कोणता शब्द कसा मोडेल ह्याला नियम काय, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, आईकडून शिकायचं. माझ्या आईला अरबी येत नाही, आता काय करू?

बाबांना नमस्कार सांग. माझ्यावर लोभ आहेच, संक्रांतीच्या निमित्ताने त्यात थोडा गूळ घाल.

तुझी,
मिनल

खारी, भाईंदर (पूर्व)
१७ जानेवारी २०२५

चि. मिनल हिस,
अंबिकाआत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. 'शिकतेय' बरोबर, पण दोन ठिकाणी अनुस्वार खाल्ला आहेस. तिकडे खजूर मिळतात, अनुस्वार कशाला खातेस?

तुझी उंटाची गोष्ट मी तुझ्या बाबांना वाचून दाखवली. ते इतके हसले की वरच्या मजल्यावरचे शहा खाली आले. मला हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं. मी चाळीस वर्षं पोरांकडून संस्कृतचं द्विवचन घोकून घेतलं. हस्तौ, पादौ, नेत्रे. दरवर्षी एखादा तरी विचारायचा की बाई, दोनासाठी वेगळं कशाला, दोन म्हणजे अनेकच ना? मी म्हणायचे, परीक्षेत येतं म्हणून. हे मेलेलं रूप तुझ्या गावात रोज गुडघ्यांपासून बाजारापर्यंत चालतं-बोलतं आहे, हे कळल्यावर मला काय वाटलं म्हणून सांगू! आपल्या मराठीने ते कधीच टाकून दिलं. आपण तर 'दगड' एक असला तरी दगड आणि ढीग असला तरी दगडच म्हणतो.

पण तुझी ती मोडकी अनेकवचनं आपल्या घरातच निघाली. मी मोठा कोश काढून बसले. 'अमीर-उमराव' म्हणतो ना आपण? त्यातला उमराव हा अमीरचाच मोडका अनेक. हाल एक, त्याचे अनेक अहवाल. कायदा एक, त्याची अनेक म्हणजे कवायत. मैदानावर पोरांना उन्हात उभं करून मी वर्षानुवर्षं अरबी अनेकवचन करून घेत होते आणि मला पत्ता नाही. तू मला असंच काही काही कळवत राहा. कान गेल्यापासून माणसांच्या गप्पांत मी मागे पडते, शब्दांच्या गप्पांत अजून पडत नाही.

आता काम. लुईझाला तू लहानपणी पाहिलं आहेस. मी उत्तनच्या शाळेत होते तेव्हा बस चुकली की तिच्याकडे मुक्काम असायचा. काल सुके बोंबील घेऊन आली होती. तिचा जेसन तुझ्याच सूर गावात एका लाँचवर कामाला आहे. इकडे मासळी मिळेनाशी झाली म्हणून गेला. सोबत त्याचा चुलतभाऊ गॅब्रियल आहे. फोनवर तो आईला 'सगला बरा हाय' एवढंच सांगतो. लुईझाचं म्हणणं, एवढंच सांगतो म्हणजे काहीतरी बरा न्हाय. जाऊन एकदा बघून ये, जेवतो का आणि कुणाच्या हाताखाली आहे ते. आणि तिने मला विचारलंय की अरबीत माशाला काय म्हणतात. मला सांगता आलं नाही, फार ओशाळले.

लोभ ठेव. अनुस्वारही ठेव.

तुझी आत्या,
अंबिका

सूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लुईझामावशीला सांग, जेसन जेवतो. मी स्वतः पाहिलं, आणि त्यानंतर मलाही जेवायला लागलं.

शुक्रवारी धक्क्यावर गेले होते. लाँच लहानशी आहे, चौघांची. जेसन, गॅब्रियल, डहाणूकडचा अभिनव म्हणून एक मुलगा, आणि सालिम. सालिम इथलाच, त्यांचा तांडेल, म्हणजे लाँचेचा म्होरक्या. वय असेल पस्तीसच्या आसपास, मोठ्याने बोलणारा, खांद्यावर सदा फडकं. मी जेसनच्या गावाकडची म्हटल्यावर त्याने मला फळीवर बसवलं आणि डबा उघडला. त्याची आई रोज चौघांच्या भाकरी देते. जेसन म्हणाला की सुरुवातीला एकट्या सालिमपुरत्या यायच्या, पण हे तिघे दुपारी पाव चघळत बसतात असं तिच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून डबाच बदलला. ती ह्यांना कधी भेटलेली नाही, नावंही नीट येत नाहीत. जेसनला ती 'यासीन' म्हणते.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मी सालिमलाच विचारलं आणि ते वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. त्याने टोपलीकडे हात करून म्हटलं, 'समक'. मग त्यातला एक शेपटीला धरून उचलला आणि म्हटलं, 'समका'. दोन्ही हातांत एकेक घेतला, 'समकतैन'. म्हणजे आत्या, इथे मुळात ढीगच असतो. समक म्हणजे मासळी, सगळी मिळून. त्यातून एक हवा असेल तर शब्दाला शेपूट लावून तो बाहेर ओढायचा. आपण एकापासून अनेक करतो, हे इथे अनेकातून एक काढतात. मला पटकन भात आठवला. भात म्हणजे सगळा, आणि त्यातलं एक ते शीत. फक्त आपण शितासाठी वेगळा शब्दच घेतला.

मी 'माणसांचं पण असंच का' म्हणून विचारलं. सालिम म्हणाला की माणसं मासळी नाहीत, माणसं मोजावी लागतात. लाँच किनारा सोडताना तो रोज मोजतो आणि परत लागताना पुन्हा मोजतो. गॅब्रियल म्हणाला की चार माणसं मोजायला ह्याला पाच मिनिटं लागतात कारण प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारतो.

मी पुढच्या आठवड्यापासून मस्कतला आहे. लायसन्सची परीक्षा आहे आणि तिच्या आधी शिकवणी. यश मागून ठेव, तुझ्या नेहमीच्या मारुतीला.

लोभाला माझी ना नाही, वाढला तर उत्तमच.

तुझी,
मिनल

खारी
१९ फेब्रुवारी, दुपार

मिनल,

नमस्कार-आशीर्वाद पुढच्या पत्रात. जेसनची लाँच बेपत्ता आहे. परवा गेली ती परत लागली नाही. तिकडे उत्तरेचा वारा फार सुटला होता म्हणतात. मालक फोन घेत नाही.

लुईझा माझ्याकडे आली आहे. उत्तनला घरात बसवेना म्हणाली, सगळी येऊन तोंडाकडे बघतात. मघाशी तिकडच्या कुणा उत्तनच्याच माणसाने गावच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. हॉटेलातल्या टीव्हीचा आहे, खाली सरकती पट्टी. पट्टीतले दोनच शब्द फोटोत आलेत, पुढचं कापलं गेलं. लोकांनी ते मोबाइलला विचारलं आणि मोबाइलने सांगितलं, 'दोन मच्छिमारांना वाचवले'.

दोन. आणि आपली पोरं तीन. तेव्हापासून उत्तनच्या त्या दोन घरांत आणि डहाणूच्या एका घरात काय चाललं असेल ते तूच समज. गॅब्रियलची आई लुईझाची जाऊ, पण सख्ख्या बहिणीसारखी, एका ताटात जेवलेल्या. मघाशी तिचा फोन आला. लुईझाने फोन खाली ठेवला आणि मला म्हणाली की मी माझ्या पोरासाठी मागितलं तर तिच्या पोराचं वाईट मागितल्यासारखं होतं, मग मी मागू तरी काय?

फोटो जोडला आहे. तू अरबी शिकतेस. हे बरोबर दोनच आहे का, एवढं सांग. खोटा धीर देऊ नकोस.

आत्या

मस्कत
१९ फेब्रुवारी, दुपार

आत्या,

मी वाचलं. खोटा धीर देत नाही, जे आहे ते लिहिते.

दोन शब्द आहेत. पहिला, वाचवलं. दुसरा, मच्छिमारांना. पण ह्या दुसऱ्या शब्दाचे दोन उच्चार होतात. 'सय्यादैन' वाचलं तर दोन मच्छिमार. 'सय्यादीन' वाचलं तर तीन किंवा जास्त. आणि लिहिताना दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, अक्षरं तीच. फरक दाखवणारी बारीक खूण वर असते, पण ती शाळेच्या पुस्तकात घालतात, बातम्यांत कुणी घालत नाही. वाचणारा मागच्या-पुढच्या शब्दांवरून ओळखतो. मोबाइलला पुढचं मागचं काही मिळालं नाही, त्याने एक धरलं आणि सांगून टाकलं.

म्हणजे दोन असतील असंही नाही, आणि नसतील असंही नाही. कुणी 'कोणते दोन' म्हणून नावं घ्यायला लागलं तर त्याला गप्प कर. मावशीला आणि गॅब्रियलच्या आईला एवढंच सांग की अजून काही ठरलेलं नाही, दोघींनी दोघांसाठी मागावं.

मला पट्टीतला पुढचा शब्द हवा. हनानबाईंना फोन लावतेय, त्या सूरमध्येच आहेत.

मिनल

मस्कत
१९ फेब्रुवारी, संध्याकाळ होतेय

आत्या,

तिघे. तिघेही आहेत.

हनानबाई टीव्हीसमोर बसून राहिल्या आणि पट्टी पुन्हा फिरून आल्यावर अख्खी वाचली. पट्टीत आहे, बेपत्ता लाँचवरच्या 'सय्यादीन हुनूद'ना वाचवलं. पुढचा शब्द आहे 'हुनूद'. हिंदी म्हणजे भारतीय, त्याचं हे मोडकं अनेकवचन, आतून मोडलेलं, कुठल्याही खुणेशिवाय कळणारं. दोघे असते तर तिथे 'हिंदियैन' असतं. विशेषणालाही नामाबरोबर दोनात राहावं लागतं, सुटका नाही. इथे हुनूद आहे म्हणजे आधीचा शब्दही अनेकवचनी. आणि अनेकवचन तीनपासून. लाँचवर भारतीय होते तीनच.

मी बाईंना तीनदा विचारलं की नक्की ना, बातमी लिहिणाऱ्याने चूक केली असेल तर? त्या म्हणाल्या की बातमीदार खोटं बोलू शकेल, पण दोघांना हुनूद कुणी अरब म्हणणार नाही. त्याच आता इस्पितळात निघाल्यात. डोळ्यांनी बघून कळवतील. पण तू मावशीला आत्ताच सांग, थांबू नकोस.

मिनल

खारी
२० फेब्रुवारी २०२५

चि. मिनल हिस,
अंबिकाआत्याचे अ. उ. आ., आणि कालचे राहिलेले आजच्यात धर.

काल तुझं पत्र आलं तेव्हा लुईझा मागच्या पडवीत बसली होती. मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक तीन बोटं दाखवली. तिने माझी बोटं धरली आणि मोजली, आणि मग तशीच धरून बसली. नंतर तिने फोन लावला तो गॅब्रियलच्या आईला. मला ओठ दिसल्याशिवाय शब्द कळत नाहीत, पण तिचा ओरडा शहांनाही ऐकू गेला असणार, ते पुन्हा खाली आले. ह्या वेळी मिठाई घेऊन. त्यांना मी हिंदीत सांगितलं की बच्चा लोग मिल गये, आणि पुढे मला हिंदी सुचेना.

हुनूद म्हणजे काय ते लुईझाला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. व्याकरण तिच्या कधी कामाचं नव्हतं. मी सातवीचं शिकवायला बसले की ती मासे साफ करायला उठायची. काल मात्र तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

मग थोड्या वेळाने तिने मला विचारलं, हुनूद म्हंजे आपले, मग तांडेल? तांडेलाचा काय लिवलाय? मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. नव्हतं. मला तो प्रश्नच सुचला नव्हता, मिनल. आपण तिघांना मोजलं आणि थांबलो. तिला सुचला, कारण ती लाँचेवरची बाई. लाँच परत आली की तिथे आधी तांडेलाचं नाव घेतात.

त्याचं काय झालं, कळव. तिला झोप नाही. मलाही नाही.

लोभ काय, तो जन्माचाच आहे.

तुझी आत्या,
अंबिका

सूर
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षा दिली. कशी गेली ते विचारू नकोस. तिथून थेट सूरला आले.

सालिम गेला. पोरं मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला आणि त्याच संध्याकाळी दफन झालं.

जेसन इस्पितळात भेटला. हाताला जखमा आहेत, बाकी धड आहे. गॅब्रियल आणि अभिनवही उठून बसलेत. काय झालं ते जेसनने सांगितलं, तसं लिहिते. वाऱ्यात लाँच आडवी आली आणि उलटली. चौघे पाण्यात. सालिमने जाळ्याचा दोर शोधला आणि तिघांना एकेक करून उलट्या लाँचेला बांधलं. बांधताना मोजत होता, म्हणाला. स्वतःला बांधायला दोर पुरत होता की नाही ते जेसनला ठाऊक नाही. मग मदतीसाठी आकाशात सोडायच्या दारूकांड्यांची पेटी थोड्या अंतरावर तरंगताना दिसली. ती आणायला तो पोहत गेला. पेटीपर्यंत पोचला, हात वर करून दाखवलाही. परत येताना लाटेमागे गेला, तो पुन्हा दिसला नाही. सकाळी दुसऱ्या लाँचने ह्यांना पाहिलं.

जेसन म्हणतो की मला त्याच्या आईसमोर जायचं आहे आणि जायची हिंमत नाही. मावशीने काल त्याला फोनवर सांगितलं म्हणे की मिळेल त्या विमानाने घरी ये. गॅब्रियलच्या भावाने दोघांची तिकिटं काढलीत, रविवारची.

अजून मी त्या घरी गेलेले नाही. काय बोलायचं असतं, हेच कळत नाहीये. धड्यात नव्हतं.

लोभ असावा, ह्या वेळी जरा जास्तच.

तुझी,
मिनल

खारी
२५ फेब्रुवारी २०२५

चि. मिनल हिस,
अ. उ. आ.

सोबत लुईझाचं पत्र आहे. तिने स्वतः लिहिलं, माझ्या टेबलाशी बसून. मी एकही अक्षर सुधारलेलं नाही, हे तुला कळेलच. त्या माउलीला हे अरबीत करून वाचून दाखव. जेसनला बरोबर ने. लुईझा म्हणते, न्यायचाच.

'सालिमचे आयेस, उत्तनचे लुईझाचा नमस्कार. तू मला वलखत न्हाय. तुजे पोरानी माजा पोर बांधून ठेवला म्हणून माजा पोर हाय. मी तुला काय देव? देवाला सुदा हिशोब लागनार न्हाय. माजा बा दर्याव गेला तो आला न्हाय, लागला पन न्हाय. माजी आय मरेपर्यंत दाराला कडी घालीत नव्हती. तुला तुजा पोर शेवटचा बगायला मिलाला, येवडा तरी देवानी केला. मी इथं देवलात सालिमचे नावाचा मिसा दिला. फादर बोलला, तो तर दुसऱ्या धर्माचा. मी बोलली, तो तांडेल होता. मग फादर काय बोलला न्हाय. तू माजे पोराला रोज भाकर दिली, मला म्हाईत हाय. आपुन दोगी एकेच लाँचेच्या आया. रडशील तवा मी पन इकडं रडतंय असा समज. लुईझा.'

हे वाचण्याआधी मला तुला सूचना करायची होती, शब्द जपून निवड वगैरे. आता करत नाही.

आशीर्वाद आणि लोभ, दोन्ही पुरवून वापर.

अंबिका

सूर
१ मार्च २०२५

ती. आत्यास आणि ती. लुईझामावशीस,
दोघींना शि. सा. न. वि. वि.

काल गेलो होतो. मी, हनानबाई आणि जेसन. बायका आत बसतात, पुरुष बाहेर. जेसन अंगणात भिंतीला टेकून उभा राहिला, चप्पलही न काढता, जणू बोलावलं नाही तर तसाच परत जाणार.

पत्राचं अरबी आम्ही दोघींनी मिळून केलं होतं. एका जागी अडलो. 'आपण दोघी'. मला वाटलं, जिथे गुडघ्यांनासुद्धा दोनाचं रूप आहे तिथे हे तर सर्वांत सोपं. पण आत्या, नाहीये. 'तुम्ही दोघे' आहे, 'ते दोघे' आहे, पण 'आम्ही'ला दोन नाही. दोघांनी म्हटलं काय आणि हजारांनी म्हटलं काय, एकच शब्द, 'नह्नु'. आपल्यासारखं 'आम्ही' आणि 'आपण' असं वेगळंही नाही, त्यामुळे ऐकणारा आत की बाहेर, तेही त्यातून कळत नाही. बाईंनी शेवटी 'नह्नु' लिहून पुढे 'दोन आया' असं जोडलं.

सालिमची आई लहानखुरी आहे. तिला वाचता येत नाही, बाईंनी वाचून दाखवलं. ती मान खाली घालून ऐकत होती. 'नह्नु' आलं तिथे तिने हात वर करून थांबवलं आणि विचारलं की आम्ही म्हणजे कोण, त्या बाईच्या गावचे लोक का? बाई उत्तर देणार इतक्यात मीच बोलले. माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं की नाही, तू आणि ती. दोघीच. तिने पुढचं वाचू दिलं नाही. ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

मग तिने विचारलं की यासीन कुठे आहे. बाहेर उभा आहे म्हटल्यावर ती उठली, अंगणात गेली. जेसन तिला काही सांगायला लागला. त्याची लाँचेवरची अरबी, सगळी हुकूम आणि शिव्यांची. 'दोर', 'धर', 'सालिम', एवढेच शब्द त्याला सापडत होते आणि तेही तुटत होते. तिने त्याचं ऐकलंच नाही. त्याच्या जखमी हातांकडे बघितलं, आणि तू जेवलास कधी, असं विचारलं. तिने त्याला आत नेलं, भात आणि मासा वाढला, आणि त्याचे हात बांधलेले म्हणून स्वतः काटे काढून घास समोर ठेवू लागली. बसलेल्या बायकांत काहीजणींना ते रुचलं नसावं. उत्तनचा पोर, मावशी, काटे काढून दिलेला मासा खात होता आणि डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं. त्यावरून ती त्याला रागावली, भात खारट होईल म्हणून.

निघताना तिने मला निरोप दिला, मावशीसाठी. तो जसाच्या तसा देते. म्हणाली, तिचा मुलगा तिच्याकडे परत पाठवीन, माझा त्याच्यावर हक्क नाही. पण घर फार गप्प झालंय. तो घरात होता तेवढा वेळ मला कुणीतरी समुद्रावरून आल्यासारखं वाटलं. एवढंच म्हणाली, मागितलं काही नाही.

जेसनचं तिकीट उद्याचं आहे.

दोघींचा लोभ माझ्यावर राहू द्या. एकीचा पुरणार नाही.

तुमची,
मिनल

खारी
१ मार्च २०२५, दुपार

चि. मिनल हिस,
आम्हा दोघींचे अ. उ. आ.

लगेच लिहितेय, कारण उद्याच्या आत हे पोचायला हवं.

तुझं पत्र मी लुईझाला वाचून दाखवलं. शेवटी काय झालं ते सांगते. तिच्या घरी केव्हापासून तयारी चालली होती. खाटेवर नवी चादर, दाराला तोरण, गॅब्रियलच्या घरच्यांनी बँडवाल्याशीसुद्धा बोलणं केलं होतं. पण ती म्हणाली की गॅब्रियलला येऊ दे, त्याची आय वाट बघतेय. माझा पोर मला मिळाला हाय, दिसला न्हाय तरी हाय. तो तिथं राहू दे, तिचं चाळीस दिवसांचं सुतक फिटेपर्यंत. एकदम रिकामं घर कुणाही आयेला नको.

मी तिला म्हटलं, लुईझा, नीट विचार कर, तू त्याला अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाहीस. ती माझ्यावर चिडली. मी काय बोलले ते मलाच ऐकू येत नाही म्हणून वाटेल ते बोलते, असं म्हणाली. मग पदराने तोंड पुसलं आणि मला टेबलाशी बसवून सांगितलं की आता तिच्यासाठी लिही.

तेव्हा सालिमच्या आईला हे सांग. जेसनला मासा चालतो, पण तिखट सोसत नाही, तो लाजेने सांगणार नाही. पाठीवर निजला तर घोरतो, कुशीवर वळवायचा. हाताला पाणी लागू देऊ नये. घरातलं काही मोडलेलं असेल तर त्याला दाखवावं, नीट करून देतो, त्याला बरं वाटतं. आणि सकाळी त्याला दोनदा हाक मारावी लागते. पहिल्या हाकेला तो हो म्हणतो, पण उठत नाही. दुसरी जरा मोठ्याने मारायची.

लोभ आहे, इथे दोघींचा, आणि आता तिथे तिसरीचाही धर.

तुझी आत्या,
अंबिका